ट्रॉफी आधी की मालकी आधी? स्वीडनच्या ग्रामीस पुरस्कारांची गोष्ट



मागच्या व्हिडिओखाली सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंची कमेंट आली होती. नंतर फोनवर सविस्तर बोलणं झालं. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, सहा वर्षं झाली, चार बायका कामाला. एकाच आठवड्यात त्यांच्याकडे दोन गोष्टी चालून आल्या. पहिली, कुठल्याशा 'उद्योजिका' पुरस्काराचं निमंत्रण. ट्रॉफी, फेटा, पाहुण्यांसोबत फोटो, हॉटेलात जेवण आणि 'सहभाग शुल्क' ३५,००० रुपये. दुसरी, एका मोठ्या वितरकाची ऑफर. माल तुम्ही करायचा, पाकिटावर नाव आमचं. मसाल्याचं प्रमाणही लिहून द्यायचं.

ताई म्हणाल्या, "सर, आधी पुरस्कार घेऊन टाकू का? नाव झालं की त्या वितरकाशी नीट भाव करता येईल."

मी लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही ऑफिसात अशी एक ट्रॉफी आहे. धंद्यात नवीन होतो तेव्हा पैसे भरून घेतलेली. स्टेजवर माझं नाव चुकीचं पुकारलं, आणि मी तरी हसत हसत वर गेलो. त्या ट्रॉफीकडे बघून आजपर्यंत एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. त्यामुळे या विषयावर मी थोडा चिडूनच बोलतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तर ताईंना आज उत्तर देतो, पण स्वीडनमार्गे. हसू नका. गेले काही दिवस मी तिथल्या संगीत पुरस्कारांबद्दल वाचतोय. त्यात आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांसाठी जेवढा मसाला सापडला, तेवढा मॅनेजमेंटच्या जाड पुस्तकांतही मला सापडला नव्हता.

स्वीडनच्या या पुरस्काराचं नाव ग्रामीस. अमेरिकेच्या ग्रॅमीवरून घेतलेलं, हे उघडच आहे. सुरुवात १९६९ साली झाली. आयोजन करते तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना. म्हणजे एखाद्या शहरातल्या व्यापारी असोसिएशनने आपल्याच सभासदांच्या मालाला बक्षीस द्यावं, तशातली गोष्ट. ऐकायला घरचं कार्य वाटतं ना? पण तिथे प्रत्येक विभागासाठी परीक्षक असतात आणि विभागही नुसते पॉपचे नाहीत. जॅझ आहे, लोकसंगीत आहे, हार्ड रॉक आहे, लहान मुलांची गाणी आहेत. गावोगावच्या नाचांसाठी वाजवणारे बँड असतात, त्यांच्यासाठीसुद्धा आहे. नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या शेजाऱ्यांकडेही असे राष्ट्रीय पुरस्कार आहेत.

आता गंमत बघा. हा सोहळा १९७२ नंतर बंद पडला आणि परत सुरू झाला तो थेट १९८७ साली. मधली १४ वर्षं स्वीडनमध्ये ग्रामीस नाहीच. आणि नेमक्या याच काळात त्या देशातून कोण बाहेर पडलं? ॲबा! १९७४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला 'वॉटरलू' गाऊन त्यांनी युरोव्हिजन जिंकली आणि १९८२ मध्ये त्यांचं एकत्र काम थांबलं. स्वीडनचा आजवरचा सगळ्यात मोठा बँड मोठा झाला, जगभर विकला गेला, थांबला, आणि तेवढ्या वर्षांत घरी द्यायला ग्रामीसची ट्रॉफीच नव्हती. कोणाचं काही अडलं का?

तुम्ही म्हणाल, सर, युरोव्हिजन हाही पुरस्कारच की. बरोबर. स्पर्धेने दार उघडलं, हे मी नाकारत नाही. पण दार उघडल्यावर आत काय घडलं ते बघा. ॲबाचा मॅनेजर स्टिग अँडरसन. त्याची पोलार म्युझिक ही छोटी कंपनी १९६३ पासूनची. वॉटरलू गाजल्यावर त्याने सगळं उचलून एका बड्या जागतिक कंपनीच्या हातात दिलं नाही. रेकॉर्डिंग पोलारचंच ठेवलं आणि एकेका देशासाठी वेगवेगळ्या कंपनीला फक्त विकायचे हक्क दिले. ब्रिटनमध्ये एपिक, अमेरिकेत अटलांटिक, ऑस्ट्रेलियात आरसीए. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हावार डिस्ट्रिब्युटर नेमले, पण ब्रँड कोणालाच लिहून दिला नाही. एकाने नीट विकलं नाही तर नुकसान त्या एका देशापुरतं.

ही झाली जुनी गोष्ट. ताईंच्या प्रश्नाच्या जास्त जवळची गोष्ट रॉबिनची आहे.

रॉबिन ही स्टॉकहोमची गायिका, जन्म १९७९ चा. विशी ओलांडायच्या आतच तिचं 'शो मी लव्ह' हे गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेलं होतं. म्हणजे नाव झालं होतं, माल खपत होता, मोठी कंपनी पाठीशी होती. १९९९ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. त्यातल्या काही ओळी गर्भपाताच्या तिच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल होत्या. अमेरिकेसाठी त्यात बदल करावेत असं कंपनीचं म्हणणं पडलं. तिने नकार दिला, अल्बम तिथे निघालाच नाही. पुढे तिने द नाइफ या जोडीबरोबर 'हूज दॅट गर्ल' हे गाणं केलं, वेगळ्याच इलेक्ट्रॉनिक धाटणीचं. तेही कंपनीला रुचलं नाही.

इथे थांबा आणि स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा. तुम्ही केलेला पदार्थ तुम्हाला आवडलाय, पण पाकिटावर ज्याचं नाव आहे तो म्हणतोय, तिखट कमी करा, आमचं गिऱ्हाईक हे खात नाही. काय कराल? बहुतेक जण तिखट कमी करतात. मीही केलं असतं.

रॉबिनने पैसे मोजून करारातून स्वतःची सुटका करून घेतली. २००५ मध्ये स्वतःची कंपनी काढली, कोनिचिवा रेकॉर्ड्स. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. त्याच वर्षी 'रॉबिन' याच नावाचा अल्बम तिने स्वतःच्या कंपनीतून स्वीडनमध्ये काढला आणि ज्या गाण्यावरून बिनसलं होतं ते गाणं त्यात घातलं. २००६ च्या ग्रामीसमध्ये या अल्बमला तीन पुरस्कार मिळाले: वर्षातला सर्वोत्तम अल्बम, सर्वोत्तम पॉप गायिका, आणि क्लास ओलुंड या सहकाऱ्यासोबत सर्वोत्तम संगीतकार.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी करार तोडला, मग कंपनी, मग माल, मग ट्रॉफी. बरं, ट्रॉफी देणारी संघटना कोणाची? रेकॉर्ड कंपन्यांचीच! ज्या व्यवस्थेतून ती बाहेर पडली, त्याच व्यवस्थेच्या स्टेजवर तिच्या स्वतःच्या कंपनीचा माल पहिला आला. हे वाचताना मला फार बरं वाटलं. पुढे २००७ मध्ये ब्रिटनमध्ये तिचं 'विथ एव्हरी हार्टबीट' पहिल्या क्रमांकावर गेलं. परदेशात माल पोहोचवायला तिला पुन्हा मोठ्या कंपन्यांची गरज लागलीच. पण या वेळी त्या कंपन्यांसमोर ती दुसऱ्या एका कंपनीची मालक म्हणून बसली होती. वितरकाशी भाव करायची ताकद म्हणतात ती ही, ताई. ती ट्रॉफीतून येत नाही असं मी ठामपणे म्हणतो, कारण भाव करायला हातात काहीतरी स्वतःचं लागतं. प्रमाण लिहून दिलं, नाव सोडलं, मग कपाटात दहा ट्रॉफ्या असल्या तरी समोरचा कशासाठी वाकेल?

आता त्या द नाइफबद्दल सांगायलाच पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहील.

कारिन आणि ओलोफ ड्रेयर ही दोन भावंडं. यांची स्वतःची कंपनी आधीपासूनच होती, रॅबिड रेकॉर्ड्स. २००३ च्या 'डीप कट्स' या अल्बमनंतर त्यांना सर्वोत्तम पॉप ग्रुपचा ग्रामीस जाहीर झाला. हे गेलेच नाहीत. त्यांच्या वतीने दोन जण गोरिलाचा वेश घालून स्टेजवर आले, अंगावर लिहिलेलं '५०/५०'. संगीत व्यवसायात पुरुषांचीच मक्तेदारी आहे, बायकांना निम्मी जागा द्या, हा त्याचा अर्थ. पुढे २००७ मध्ये 'सायलेंट शाउट' या अल्बमच्या जोरावर त्यांना सहा नामांकनं होती. सहाच्या सहा जिंकले. आणि तेव्हाही सोहळ्याला गैरहजर.

माझं मत विचाराल तर मला गोरिला पाठवण्याची आयडिया आवडली, पण तिची नक्कल करू नका. या भावंडांना तो माज परवडत होता, कारण कंपनी त्यांची, रेकॉर्ड त्यांची, उद्या आयोजक रुसले तरी माल थांबणार नव्हता. आणि ते काही साधुसंत नव्हते. त्यांचं 'हार्टबीट्स' हे गाणं होसे गोन्झालेस या दुसऱ्या स्वीडिश गायकाने गिटारवर गायलं आणि ते सोनीच्या टीव्हीच्या जाहिरातीत घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून सुमारे अडीच लाख रंगीत चेंडू उड्या मारत येतात, ती जाहिरात कदाचित तुम्ही पाहिलीही असेल. बड्या कंपन्यांविरुद्ध बोलणाऱ्या या जोडीने गाणं वापरायला होकार दिला, कारण स्वतःच्या लेबलसाठी पैसा हवा होता. मला यात काही खोटं वाटत नाही. गाणं वापरायला दिलं, विकून टाकलं नाही. भाड्याने खोली देणं आणि घर लिहून देणं यात फरक आहे, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरमालकाला समजतं.

एक आक्षेप नक्की येणार, म्हणून घेतो. "सर, तिथलं सरकार मदत करतं, आपल्याला कोण विचारतंय?" आहे, फरक मोठा आहे. तिथे नगरपालिकांच्या संगीत शाळा आहेत, पोरांना वाद्य शिकायला मिळतं. रॉबिनच्या 'शो मी लव्ह'मागे जो मॅक्स मार्टिन होता, तोही अशाच सरकारी शिक्षणातून आलेला, फ्रेंच हॉर्न वाजवायचा. संगीताच्या निर्यातीसाठी सरकार १९९७ पासून वेगळं बक्षीसही देतं. हे सगळं मान्य. पण करारातून सुटायचे पैसे रॉबिनला सरकारने दिले नव्हते. ती सही तिची तिनेच केली.

आणि म्हणून सगळेच पुरस्कार फालतू, असं माझं म्हणणं नाही. ग्रामीसमध्ये परीक्षक असतात, नामांकनं आधी जाहीर होतात, आणि हरणारेही असतात. मी पैसे भरून ट्रॉफी घेतली त्या कार्यक्रमात एकही हरणारा नव्हता! दीड-दोनशे लोक, सगळे विजेते. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभा होता तो 'सर्वोत्कृष्ट', मागे होता तोही 'सर्वोत्कृष्ट'. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तर ताई, तुमच्यासाठी. त्या ३५,००० रुपयांतून आधी पाकिटावरच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज करून टाका. अजून केलेला नाही असं तुम्हीच म्हणालात, आणि सहा वर्षं झालीत. अन्न परवान्याचं नूतनीकरण बाकी असेल तर तेही उरका. वितरकाला नाही म्हणू नका. त्याला सांगा, दोन जिल्हे देते, एक वर्षासाठी, माझ्या नावाच्या पाकिटात. मसाल्याचं प्रमाण कागदावर देणार नाही. तो कदाचित उठून जाईल. गेला तर महिन्याची ऑर्डर बुडेल, चार बायकांच्या पगाराचं बघावं लागेल. हे मी गोड बोलून झाकणार नाही. रॉबिनलाही सुटका फुकट मिळाली नव्हती.

आणि त्या पुरस्कारवाल्यांना एक फोन करा. परीक्षक कोण आहेत, आणि मागच्या वर्षी नामांकन मिळूनही न जिंकलेल्या दोघांची नावं सांगा, एवढंच विचारा. काय उत्तर आलं ते मला रविवारच्या लाइव्हच्या आधी कळवा.