एका ढगाची लेकरे



गेल्या अंकात आपण पाहिले की चंद्र रोज उशिरा का उगवतो. ते वाचून एका छोट्या वाचकाने आईच्या हातून चिठ्ठी पाठवली, "तारे एकटे जन्मतात की त्यांना भावंडं असतात?" प्रश्न एवढासा, पण उत्तर नीट जुळवायला मला दोन आठवडे लागले.

असतात हो, ताऱ्यांना भावंडे असतात. शेकड्यांनी, हजारांनी असतात. अशा घोळक्याला तारकागुच्छ म्हणतात. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा गुच्छ म्हणजे कृत्तिका. हिब्रूत त्यांना कीमा म्हणतात. (खायचा खिमा नव्हे, बरं का!) इयोव आणि आमोस या दोन्ही पुस्तकांत कीमाचे नाव आलेले आहे. साध्या डोळ्यांना त्यात सहा-सात तारे दिसतात. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून ३६ ताऱ्यांचे चित्र काढले. आज हजाराच्या वर तारे माहीत आहेत.

तालमुदातल्या बेराखोथमध्ये कीमाची गोष्ट निघते. शमुएल म्हणतो, ते शंभरेक तारे आहेत. पुढे मात्र दोन मते आहेत. कोणी म्हणतात ते एकत्र जमलेले आहेत, कोणी म्हणतात विखुरलेले आहेत. दोन्ही खरे कसे असेल? हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. शेवटी त्याच्याकडे येऊ.

कृत्तिका आपल्याच आकाशगंगेत आहेत. पण एका बाळाकडे बघून सगळ्या वॉर्डाचा अहवाल लिहिता येत नाही, तसेच एका गुच्छावरून सगळ्यांचे कळत नाही. शिवाय आपण आकाशगंगेच्या आत राहतो आणि मध्ये धुळीचे ढग आड येतात. लग्नाच्या मांडवात बसून वऱ्हाडी मोजता येत नाहीत. समोरच्या घराच्या माडीवरून बघितले तर सगळे दिसतात. म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या दीर्घिकांमधले तारकागुच्छ मोजतात. शेजारची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी, इंग्रजीत अँड्रोमेडा. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. म्हणजे आज दिसणारा तिचा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

या मोजणीत तुमच्या या आजीचाही खारीचा वाटा आहे! हबल दुर्बिणीने देवयानीच्या साधारण एक तृतीयांश भागाचे बारीक फोटो काढले. त्यातले गुच्छ शोधायला शास्त्रज्ञांचे डोळे पुरेनात. म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये 'अँड्रोमेडा प्रोजेक्ट' सुरू झाला. कोणीही यावे, संगणकावर फोटो बघावा आणि गुच्छ दिसेल तिथे गोल काढावा. माझा नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. मी रात्रपाळी करून आले, झोपून उठले, की आम्ही दोघे बसायचो. तो उंदीर फिरवायचा, मी चष्मा लावून सांगायची, "अरे, तो निळा ठिपक्यांचा पुंजका बघ." जगभरातल्या सुमारे ३०,००० हौशी माणसांनी हे काम केले आणि २०१५ साली यादी छापून आली. त्यात २,७५३ गुच्छ निघाले. आमचे त्यातले किती, देव जाणे.

निळा रंग का शोधायचा? मोठे तारे फार तापलेले असतात म्हणून निळे दिसतात आणि लवकर संपतात. तेव्हा निळे तारे दिसले की समजावे, गुच्छ अजून तान्हा आहे.

आता हे गुच्छ जन्मतात कसे ते सांगते. दीर्घिकेत वायूचे आणि धुळीचे मोठमोठे ढग असतात. आत थंडी किती? उणे २६० अंशांच्या आसपास. इतका थंड वायू आपल्या वजनाने आत ओढला जातो. ढग एकसारखा आटत नाही, त्याच्या गाठी होतात, जशा पिठल्यात पीठ नीट न ढवळल्यावर होतात. प्रत्येक गाठ दाबली जाऊन तापते आणि तिचा तारा होतो. एका ढगातून काही लाख वर्षांत असे शेकडो किंवा हजारो तारे होतात. हीच ती भावंडे.

पण सगळ्या वायूचे तारे होत नाहीत. पुष्कळसा वायू मध्येच भरून राहतो. तो जणू घरातला वडीलधारा. त्याच्या वजनाने लेकरे एकत्र धरलेली असतात. मग थोरल्या निळ्या ताऱ्यांचा प्रखर प्रकाश आणि त्यांच्यातून सुटणारे वारे हा वायू बाहेर ढकलून देतात. काही थोरले पुढे स्फोट होऊन फुटतात. वायू गेला की ओढ कमी होते आणि आई गेल्यावर घर फुटावे तसा गुच्छ सुटतो. जिथे बहुतेक वायूचे आधीच तारे झालेले असतात, तिथेच तारे आपापल्या वजनाने एकमेकांना धरून राहतात.

असे टिकणारे किती? देवयानीत १ कोटी ते १० कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले तारे पाहिले, तर शंभरातले फक्त ४ ते ८ अजून गुच्छात आहेत. बाकीचे मोकळे फिरतात. दुसरे उदाहरण अँटेने नावाच्या दोन दीर्घिकांचे. त्या सुमारे सात कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत आणि एकमेकींवर आदळत आहेत. धडकेने वायू दाबला जातो, म्हणून तिथे गुच्छांचे पीकच आले आहे. हबलने तिथे हजाराच्या वर तरुण गुच्छ पाहिले. २००६ साली शास्त्रज्ञांनी अंदाज दिला की त्यातले दहा टक्केच आपल्या वयाची एक कोटी वर्षे पुरी करतील.

याला शास्त्रज्ञांनी नाव काय दिले माहीत आहे? 'गुच्छांचा बालमृत्यू'. वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. मी बावीस वर्षे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात काढली. महिनाअखेरीस बालमृत्यूचा आकडा मलाच भरावा लागे, आणि त्या आकड्यातले प्रत्येक बाळ मी हातात घेतलेले असे. म्हणून अधिकाराने सांगते, तो शब्द इथे बसत नाही. गुच्छ फुटला तरी तारे मरत नाहीत. लहान तारे तर पुढे अब्जावधी वर्षे जळत राहतात. फक्त घर राहत नाही.

आम्ही सहा भावंडे अलिबागजवळ एका घरात वाढलो. मी १९७० साली इथे आले. आई गेली आणि त्या घराला कुलूप लागले. आज एक भाऊ ठाण्याला, एक टोरांटोला, बहीण अश्दोदला, मी बेरशेबाला. दोघे देवाघरी गेले. घर फुटले म्हणून आम्ही भावंडे नाही, असे कोणी म्हणेल का?

आपला सूर्यसुद्धा ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच घोळक्यात जन्मला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याची भावंडे कधीच पांगली. ती शोधायची कशी? एका ढगातल्या ताऱ्यांत लोह, कॅल्शियम वगैरेंचे प्रमाण जवळजवळ सारखे असते आणि ते उजेडावरून ओळखता येते. हे आपल्या आडनावांसारखेच आहे. पेणकर म्हटले की पेण, रोहेकर म्हटले की रोहा. माणूस दिमोनात राहो की लंडनला, गाव नावात असते.

गेल्या वर्षी हेश्वानच्या अमावास्येला आम्ही मिट्झपे रामोनला गेलो होतो. सुक्कोथला चंद्र मोठा असतो, म्हणून सण उरकून गेलो. तिथला काळोख अजून राखलेला आहे. देवयानी डोक्यावर होती, कापसाच्या पुसट बोळ्यासारखी. पूर्वेला कृत्तिका वर येत होत्या. धाकटी नात म्हणाली, "सव्ता, हे तारेपण जाणार?" मी म्हटले, "जाणार बाळा, पण अजून कोट्यवधी वर्षे आहेत." कृत्तिका आज सुमारे दहा कोटी वर्षांच्या आहेत, आणि आणखी पंचवीसेक कोटी वर्षांत त्या पांगतील असा अंदाज आहे.

तर आता तालमुदातली ती दोन मते आठवा. जमलेले म्हणणारेही बरोबर, विखुरलेले म्हणणारेही बरोबर. फक्त केव्हा बघता एवढाच फरक.

बाळगोपाळांनो, तुमच्यासाठी काम. हानुकाच्या सुमारास शब्बाथ निघाला, तीन तारे मोजून झाले, की थोडा वेळ थांबा आणि पूर्वेकडे कीमा शोधा. किती तारे दिसले ते वही काढून लिहा. आजी-आजोबांनाही मोजायला लावा, कृत्तिका हा शब्द त्यांच्याकडून शिका आणि आकडे मला पाठवा. कोणाला किती दिसले ते पुढच्या अंकात छापू.

सर्वांना शालोम.