फरदडीचा हिशेब

जानेवारी सरत आला तरी धामणगाव-यवतमाळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी उभीच दिसते. पानं तांबडी पडलेली, शेंड्याला चार-दोन बोंडं. विहिरीत पाणी आहे, एक ओलित दिलं की आणखी एक वेचा निघेल, तोवर भावही चढेल, असा हिशेब. अशा लांबवलेल्या पिकावर, म्हणजे फरदडीवर, गुलाबी बोंडअळी पोसते, हे आता शेंबडं पोरही सांगेल. तरी फरदड राहतेच.

अशा पऱ्हाटीवरचं एखादं हिरवं बोंड फोडून पाहा. वरून टणक, निरोगी. भोक दिसत नाही, कारण अळी दोऱ्याएवढी असतानाच आत शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जातं. आत रुई पिवळी पडलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या पोकळीत ती गुलाबी बया. फवारा बोंडावर पडतो, ती आत मजेत. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीनं कपाशी खाल्ली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली.

जगाच्या लेखी ही घुसखोर कीड, पण जगात गेली ती आपल्याकडून. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं तिचं पहिलं वर्णन छापलं, ते भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. पुढे सरकीबरोबर ती इजिप्तला पोचली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासात. अमेरिकेनं २०१८ मध्ये ती हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्यासाठी त्यांनी बीटी कपाशी वापरलीच, शिवाय कामगंध वापरला, वंध्य पतंग विमानातून सोडले आणि ठरल्या मुदतीत पऱ्हाटी नांगरून टाकणं सक्तीचं केलं. आपण फक्त बीटी घेतली. २००२ मध्ये पहिलं जनुक आलं, २००६ मध्ये दुसरं. गुजरातेत पहिल्याला न जुमानणारी अळी सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली. असं होऊ नये म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळायची, कडेनं पेरायला. ती किती वावरांत पेरली गेली, हे ज्याचं त्यानं आठवावं.

फरदड ठेवणाऱ्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही. पहिले दोन वेचे उधारीत आणि मजुरीत जातात. हाती काही उरलंच तर शेवटच्या वेच्यात, ही त्याची आशा. पण त्या वेच्यात किडक्या बोंडांची कवडीच जास्त. वेचणाऱ्या बायाही किडक्या पऱ्हाटीत शिरायला कुरकुरतात, कारण मजुरी किलोवर आणि कवडीला वजन नाही. व्यापारी ती पाहून भाव पाडतो, ते वेगळंच. शिवाय हा हिशेब आपल्या धुऱ्यापाशी थांबतो आणि पतंग थांबत नाही. मंगरूळ दस्तगीरचा कापूस धामणगावच्या जिनिंगमध्ये येतो, त्याच्या सरकीत अळी येते आणि ढिगात निजून राहते. म्हणून कामगंध सापळे वावराइतकेच जिनिंगच्या आवारात हवेत.

२०१७ नंतर शासनानं काही हंगामांत १ जूनपूर्वी कपाशीचं बियाणं विकू दिलं नाही. निर्णय चांगलाच. लवकर पेरलेल्या कपाशीच्या पात्या-फुलांवर पहिली पिढी टपलेली असते. न उमलणाऱ्या डोमकळ्या दिसल्या की समजावं, ती आली. पण पेरणीच्या टोकाला बंदी आणि उपटणीच्या टोकाला नुसतं आवाहन, हे अर्धवट काम आहे. ग्रामसभेनं साऱ्या शिवारासाठी उपटणीची एकच तारीख ठरवावी, त्या आठवड्यात पऱ्हाटी कुटणारा श्रेडर गावात आणावा आणि ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्याचं भाडं पंचायतीनं भरावं. एकट्यानं उपटून फार तर अर्धा उपाय होतो.

तोवर ज्यांची पऱ्हाटी उभी आहे त्यांनी हा वेचा शेवटचा समजावा. चुलीसाठी पऱ्हाट्यांची गंजी लावायची तर आधी किडकी बोंडं झोडून जाळा, नाही तर अळी गंजीतच मुक्काम करते. येत्या हंगामात फुलं लागली की एकरी दोन सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ सापडले, तर त्याच दिवशी शेजाऱ्यालाही सांगा.