विरघळणारा स्क्रू आणि कणांचा आकार

मोडलेले हाड जुळले की आत बसवलेला स्टीलचा किंवा टायटॅनियमचा स्क्रू काही रुग्णांत काढावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांत तर पुन्हा भूल, पुन्हा टाके. म्हणून शरीरात आपोआप विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूकडे आशेने पाहिले जाते. युरोपात अशा एका जर्मन स्क्रूला २०१३ मध्ये, तर अमेरिकेत फिनलंडच्या कंपनीच्या स्क्रूला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

कल्पना मात्र जुनी आहे. बेल्जियमचे शल्यविशारद लँबॉट यांनी १९०७ मध्ये पायाच्या मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. दोन भिन्न धातू शरीरातील द्रवात एकमेकांना टेकले आणि पट्टी आठ दिवसांत विरघळली. त्वचेखाली वायू साचला. हाड जुळायला मात्र कित्येक आठवडे लागतात. सारा पेच या वेळेचाच आहे.

आता मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत सिरॅमिकचे बारीक कण मिसळण्याचे प्रयोग चालू आहेत. हाडातल्या खनिजासारखे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटही त्यात आले. कण किती मिसळले याइतकेच ते केवढे आहेत हेही महत्त्वाचे ठरते. काही मायक्रॉनचे कण धातूला कठीण करतात, पण ताण आला की कण आणि धातू यांच्या सांध्यातून तडा सुटतो. मुळात मॅग्नेशियम फारसे वाकत नाही, ते आणखी ठिसूळ होते. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण धातूतील स्फटिकांची वाढ रोखतात, स्फटिकांच्या आत सरकणारे दोष जागोजागी अडवतात. ताकद वाढते आणि ठिसूळपणा तेवढा वाढत नाही.

अडचण अशी की इतके बारीक कण, पिठल्यात बेसनाच्या व्हाव्यात तशा, गुठळ्या धरतात. गुठळी म्हणजे पुन्हा मोठा कणच; तडा तिथून जातो, गंजही तिथेच खड्डा पाडू शकतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये आकारमानाने १४ टक्के सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोकण मॅग्नेशियममध्ये एकसारखे पसरवून दाखवले. पण सिलिकॉन कार्बाइड शरीरात विरघळत नाही, त्यामुळे ती कृती स्क्रूसाठी जशीच्या तशी उचलता येत नाही.

तेव्हा ‘नॅनो’ या शब्दाला भुलण्याआधी विचारावे, सहा आठवड्यांनी स्क्रूत किती ताकद उरते? कोरड्या तुकड्यावरची ताणचाचणी ते सांगत नाही. त्यासाठी स्क्रू शरीरद्रवासारख्या खारट द्रावणात ३७ अंश सेल्सिअसवर तितके दिवस ठेवून मग मोडून पाहावा लागतो.