चेहऱ्याची लाली आणि लॉकरमधले मलम

ड्रिलनंतर काही कॅडेट्सचा चेहरा तासभर लाल राहतो. लगेच ‘टोमॅटो’ असे नाव पडते. मग तो कोणाच्या तरी लॉकरमधले गोरे होण्याचे मलम गुपचूप लावू लागतो. माझ्या मते उन्हापेक्षा हे मलम जास्त धोक्याचे आहे.

अशा कितीतरी मलमांत स्टेरॉइड असते. लाली दोन-तीन दिवसांत उतरते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, पुरळ उठते आणि मलम थांबवताच चेहरा आधीपेक्षा जास्त लाल होतो. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

नाजूक त्वचेला साधी काळजी पुरते. अंगाच्या साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरावा, टॉवेलने न घासता चेहरा टिपावा, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. परेडच्या पंधरा-वीस मिनिटे आधी एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. दाढी करणाऱ्या सीनियर्सनी झोंबणारे आफ्टरशेव्ह टाळावे. लाली उतरतच नसेल किंवा आग होत असेल, तर सरळ एमआय रूम गाठावी.

कोणी म्हणेल, फौजी माणसाला हे नखरे कशाला? पण पायाला फोड आला की आपण दाखवतोच ना? मग चेहऱ्याचीच लाज का?

पालकांनी सुटीनंतर ट्रंकेत सनस्क्रीन द्यावे, सरांनी ते किट लिस्टमध्ये घ्यावे आणि आपण एकमेकांना मलम देणे बंद करावे, एवढीच विनंती.