सातारा बेवारस नव्हता

‘वारस नसल्याने १८४८ मध्ये सातारा खालसा झाला’ असे आजही बिनदिक्कत लिहिले जाते. वारस होता. शहाजीराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. धर्मशास्त्रास तो मान्य होता आणि १८१९ च्या तहात राजाच्या वारसांचाही उल्लेख होता. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने खालसा करण्यास विरोधच केला. डलहौसीने तो जुमानला नाही. (साताऱ्याचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दाद मागत राहिले, ऐकतो कोण!)

आता सांगली पाहा. १९०१ मध्ये धुंडिराज पटवर्धन औरस वा दत्तक वारस न ठेवता वारले. तरीही संस्थान टिकले. १९०३ मध्ये सरकारनेच चिंतामणरावांची निवड केली. दरम्यान धर्मशास्त्र बदलले नव्हते. १८५७ चा धसका घेतलेल्या सरकारने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या.