रात्रीची ढास

नेवासे तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. कामापुरते येथे देते.

"आमच्या ह्यांना भाऊबीजेपासून रात्री कोरडा खोकला लागतो. दिवसा काही नाही. पाठ टेकली की घशात खवखव सुटते आणि अशी ढास लागते की उठून बसल्याशिवाय थांबत नाही. कफ पडत नाही. मध झाला, हळदीचे दूध झाले, अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध तर दाढेखालून हलत नाही. मेडिकलमधून दोन बाटल्या आणल्या, त्यांनी नुसती झोप येते. रात्रीची लाईट असली की हे गव्हाला दारे धरायला जातात, मग उशिरा जेवून तसेच निजतात. तपासायला जा म्हटले तर सासूबाई नको म्हणतात. यंदा मुलीचे जमवायचे आहे, लोक भलतेच नाव घेतील, अशी त्यांना भीती. ह्यांना बाकी कसला आजार नाही. दसऱ्यापासून रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, तिचा काही त्रास नाही. रात्रीपुरता तरी आराम पडेल असे काही सांगा."

ताई, तुमचे पत्र वाचून वाटले की हे एकट्या तुमच्या घरचे दुखणे नाही. थंडी पडली की आपल्या नगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) वस्त्यावस्त्यांवर रात्री असे खोकणे ऐकू येते. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देते.

आधी खोकला म्हणजे काय ते पाहू. आपल्या वस्तीवरचे कुत्रे रात्री भुंकू लागले तर आपण बॅटरी घेऊन बाहेर येतो, गोठ्यात कोण शिरले ते बघतो. कुत्र्याचे तोंड बांधून परत निजत नाही. खोकला हे छातीचे राखणीचे कुत्रे आहे. नळीत धूळ, धूर, पाणी, आंबट, काहीही नको ते आले की ते भुंकते. बाटलीने त्याचे तोंड बांधता येते, पण आत कोण शिरले ते कळत नाही.

मग ते रात्रीच का भुंकते? आडवे झाले की नाकातला पातळ शेंबूड मागच्या बाजूने घशात उतरतो. पोट भरलेले असेल तर जठरातले आंबट वर चढते. पहाटेची हवा गार आणि कोरडी असते. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या पहाटेच्या सुमारास अधिक आवळतात. दिवसा उभे राहून काम करताना जे जाणवत नाही, ते अंथरुणावर जाणवते.

आता आजच्या रात्रीपुरता उपाय.

निजताना एक चमचा मध चाटावा. मधाने घशावर लेप बसतो आणि ढास कमी होते. हे आजीबाईंनी सांगितले आणि पुढे डॉक्टरांनीही तपासून मान्य केले. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये, त्यातून बाळाला विषबाधा होऊ शकते. मधुमेह असणाऱ्याने मध साखरेच्याच हिशेबात धरावा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात. उशाशी कोमट पाणी ठेवावे आणि ढास येईलसे वाटले की घोट घोट प्यावे.

खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट द्यावी. जमिनीवर निजणाऱ्याने पाठीखाली खांद्यापासून चढती वळकटी घ्यावी. नुसती उंच उशी घेतली तर मान वाकते आणि पोट दबते. जेवण आणि निजणे यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. ज्या दिवशी रात्रीची लाईट असेल त्या दिवशी भाकरी दिवेलागणीलाच खावी आणि शेतावरून आल्यावर भूक लागलीच तर थोडेसे काही घ्यावे. निजण्याच्या खोलीत चूल, मच्छर अगरबत्ती, बिडी आणि मिसरी भाजणे बंद ठेवावे. त्या खोलीत भुशाची, धान्याची पोती रचली असतील तर ती हलवावीत. बुरशी धरलेला कडबा किंवा कारखान्यावरचा बुरसलेला बगॅस हाताळणाऱ्याला त्याच संध्याकाळी खोकला आणि कणकण येते. ती बुरशी फुप्फुसात जाते. अशा वेळी तोंडाला कापड बांधावे आणि डॉक्टरांना कामाची माहिती द्यावी.

अडुळशाबद्दल एक शब्द. बांधावरचे हे झुडूप खरोखर गुणाचे आहे. त्यातल्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सीन हे औषध तयार झाले. पण त्याचे काम चिकट कफ पातळ करण्याचे. जिथे कफच नाही तिथे ते फारसे काय करणार? गरोदर बाईने तर अडुळसा घेऊच नये.

आणि ताई, ज्येष्ठमध आजच थांबवा. घसा धरला असता चार दिवस चघळायला ते चांगले, पण रोज, आठवडेच्या आठवडे घेतले तर ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. तुमचे यजमान रक्तदाबाची गोळी घेतात आणि वर दाढेखाली ज्येष्ठमध ठेवतात. म्हणजे एका हाताने बांध घालायचा आणि दुसऱ्या हाताने फोडायचा.

बाटल्यांचेही तसेच. कोणती ढास दाबते, कोणती कफ पातळ करते, हे न पाहता आपण जी मिळेल ती आणतो. पुष्कळ बाटल्यांत गुंगी आणणारे औषध असते. ते पिऊन रात्री विहिरीवर मोटार चालू करायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. मुलांच्या बाबतीत तर फारच जपावे. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका भेसळीच्या औषधाने लहान मुले दगावली. त्या बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आतल्यांनाही सहसा देऊ नयेत.

एवढे केल्याने रात्र बरी जाईल. पण आता बॅटरी घेऊन गोठ्यात जायचे आहे. खोकणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना हे प्रश्न विचारून पाहावेत.

सर्दी-ताप होऊन गेला होता का? तसा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळतो आणि बहुधा आपोआप जातो. नाक सतत चोंदलेले असते का? मग दुखण्याचे मूळ नाकात आहे. जेवून निजल्यावर छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात का? मग मूळ पोटात. पहाटे जाग येते, छातीत शिट्टी वाजते, मूल धावले-हसले की खोकते का? मग तो दमा असू शकतो. शिट्टी न वाजता नुसता खोकलाच काढणारा दमाही असतो. त्याला तोंडाने ओढायचा पंप हाच उपाय. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. त्यात औषध थोडे असते आणि थेट जागेवर पोचते. आडवे झाल्यावर खोकल्याबरोबर दम लागतो आणि पाय सुजतात का? मग हृदय तपासायला हवे. मूल भुईमुगाचे दाणे किंवा हरभरे खाताना एकदम ठसकले आणि तेव्हापासून खोकते आहे का? दाणा श्वासनळीत अडकला असेल. मग घरी थांबू नये, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. मुलाला खोकल्याची उबळ येऊन शेवटी हूप असा आवाज होतो, उलटी होते, तर तो डांग्या खोकला. त्याची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, ती चुकवू नये.

आता सासूबाईंच्या भीतीकडे येऊ. त्यांनी ज्याचे नाव घ्यायचे टाळले आहे तो क्षयरोग, म्हणजे टीबी. दोन आठवडे खोकला राहिला की टीबीची तपासणी करायची, हा आपल्या देशातला नियम आहे. खोकला कोरडा का असेना. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांतले काही असेल तर एक दिवसही थांबू नये.

हे घरोघर सांगणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी तयार झाली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या बाया त्यांनी निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना शिकवून त्यांनी ग्राम आरोग्य सेविका केले. कोणाच्या घरात कोण आजारी आहे हे या बायांना ठाऊक असे. टीबी आणि कुष्ठरोग यांबद्दलची भीती घालवणे, रोग्याला तपासणीला आणणे, गोळ्या पुऱ्या करून घेणे, ही कामे त्यांनी केली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात २००५ पासून गावोगाव आशाताई नेमल्या गेल्या, त्याच्या कितीतरी आधी जामखेडच्या बाया हे काम करत होत्या. घराघरात जाणाऱ्या बाईशी माणूस मोकळेपणी बोलतो, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून ताई, तुमच्या गावच्या आशाताईंना एकटीला गाठून बोला. तपासणी फुकट आहे. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकायचे आणि छातीतले बेडके डबीत द्यायचे. तोंडातली लाळ उपयोगाची नाही. बेडका पडतच नसेल तर छातीचा फोटो काढतात. टीबी निघालाच तर औषधे फुकट मिळतात, बहुतेकांना सहा महिने घ्यावी लागतात, आणि सकस खाण्यासाठी सरकार खात्यात पैसे जमा करते. ही रक्कम २०१८ पासून महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. टीबी हवेतून पसरतो. ताट-वाटी वेगळी करून, माणसाला पडवीत टाकून काही साधत नाही. औषध सुरू झाले की पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. धोका असतो तो लपवलेल्या खोकल्याचा. तो आधी घरातल्यांनाच लागतो आणि लग्नाची मुलगी त्याच घरात निजते, हे सासूबाईंना सांगा.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींकडे वळते. गोळीचा काही त्रास नाही असे तुम्ही लिहिले आहे. दसऱ्याला गोळी सुरू झाली, भाऊबीजेला खोकला सुरू झाला. गोळीची पट्टी हातात घ्या आणि औषधाचे मूळ नाव वाचून घ्या. नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का? एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल? मग हा खोकला त्या गोळीचा असण्याचा दाट संभव आहे. गोळी चांगली आहे. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करता करता शास्त्रज्ञांना हा औषधांचा वर्ग सापडला आणि त्याने लाखो लोकांची हृदये वाचवली. पण घेणाऱ्या दहा जणांत साधारण एकाला तिने कोरडी ढास लागते, बायकांना थोडी जास्तच. ती मधाने जात नाही, बाटलीने जात नाही, आणि गोळी घेतल्यापासून कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी सुरू होते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब एकदम चढला तर खोकल्यापेक्षा मोठे संकट येईल. पट्टी घेऊन, ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा, की ही सुरू झाल्यापासून रात्री ढास लागते. ते दुसऱ्या वर्गातली गोळी देतील. त्या वर्गातल्या नावांच्या शेवटी बहुधा 'सार्टन' असते. बदलल्यावर एक ते चार आठवड्यांत ढास थांबते, क्वचित तीन महिने लागतात. नावात प्रिल नसेल, तर उशिराचे जेवण आणि पोटातले आंबट यांच्यावर माझा पहिला संशय राहील.

काहीही असो, बेडक्याची तपासणी मात्र करून घ्याच. दोन महिन्यांचा खोकला आहे. गोळीचा खोकला असणाऱ्याला टीबी होत नाही असा काही नियम नाही. रिपोर्ट साफ आला तर सासूबाईंच्या मनावरचे ओझे उतरेल, आणि पाहुण्यांनी विचारले तर तुमच्याकडे कागद असेल.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. आज खाटेखाली विटा आणि जेवण लवकर. उद्या आशाताईंची गाठ. बाजारच्या दिवशी पिशवीत गोळ्यांची पट्टी टाकून डॉक्टरांकडे. आणि पट्टीवर काय नाव निघाले, ते मला जरूर कळवा.