पंचवीस वर्षे इंग्रजी, तरी काळाचा घोळ

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी लावायची की नाही, यावरून राज्यभर रण माजले. अखेर २९ जूनला सरकारने आपले निर्णय मागे घेतले. त्या गदारोळात एक प्रश्न बाजूलाच राहिला. आपल्या मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याचे पुढे काय झाले?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२२ साली ग्रामीण भागातल्या मुलांकडून इंग्रजीची साधी वाक्ये वाचून घेतली गेली. देशभरात आठवीतली ४६.७ टक्के मुलेच ती वाचू शकली. २०१६ साली हा आकडा ४५.३ होता. म्हणजे सहा वर्षांत सव्वा-दीड टक्क्याची प्रगती, आणि तीही नुसत्या वाचण्यात. बोलण्याचं तर नावच नको.

याचा फटका बसतो दहावीनंतर. मराठीत शिकलेली हुशार पोर अकरावी सायन्सला जाते, पुस्तक इंग्रजी, आणि वर्गात ती तोंड उघडेनाशी होते. मग बाप उसनवारी करून तिला ‘फाडफाड इंग्रजी’च्या क्लासला घालतो. तिथे पहिल्याच दिवशी फळ्यावर बारा काळांचा तक्ता! त्यातले निम्मे काळ साहेबालासुद्धा रोज लागत नाहीत.

वाचकहो, यातले बरेचसे काम घरी होण्यासारखे आहे. कारण काळ आपल्या मराठीतही आहेतच. ‘पाऊस पडतो’ आणि ‘पाऊस पडतोय’ यांतला फरक तुमच्या आजीलाही कळतो. तोच फरक ‘इट रेन्स’ आणि ‘इट इज रेनिंग’मध्ये आहे. ‘डेअरीला दूध घातलंय’ म्हणजे काम उरकलेले आहे, तिथे इंग्रजीत ‘हॅव’ येतो. पण ‘काल घातलं’ म्हटले की ‘हॅव’ची सुट्टी. काल, परवा, मागच्या बाजारी असा नेमका दिवस आला की साधा भूतकाळ. आपली मुले हमखास ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ म्हणतात ती इथेच चुकतात. दुसरी खोड ‘आय डिड नॉट वेंट’ची. ‘डिड’ने भूतकाळ एकदा सांगितला, मग क्रियापद मूळ रूपात, ‘गो’. एकाच पावतीवर दोनदा पैसे कशाला भरायचे?

खरी अडचण पुढे आहे. मराठीत आपण ‘करणे’ एवढ्या एका शब्दावर संसार चालवतो. इंग्रजीत अंघोळ ‘टेक’ करतात, चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. आपण परीक्षा देतो, इंग्रज ती घेतो, म्हणजे ‘टेक’. आणि आपण मात्र देशभर ‘गिव्ह’ म्हणत सुटलो आहोत. भूक आपल्याला लागते, इंग्रजीत माणूसच ‘हंग्री’ असतो. याला नियम नाही. सुटा शब्द पाठ न करता जोडीच पाठ करायची.

आई-बापांना इंग्रजी येत नाही ही सबब इथे चालणार नाही. चुलीपुढे बसून तुम्ही मराठीत विचारा, ‘रोज काय करतेस? आत्ता काय चाललंय? काल काय केलंस?’ तिने तिन्ही उत्तरे इंग्रजीत द्यायची. ‘गो-वेंट’, ‘ब्रिंग-ब्रॉट’ ही आडमुठी क्रियापदे रोज दोन, तीही घरच्याच वाक्यात: ‘बाबांनी खत आणले’, ‘आजी बाजारला गेली’. बरोबर की चूक, हे ती दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारील. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात, तीही हाताशी ठेवा. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर हेच केले, मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी.

क्लास लावायचाच असेल तर दोन-तीन महिने हे करून मग लावा. आणि पैसे भरण्याआधी एवढेच विचारा, ‘तासाला माझी पोर किती मिनिटं बोलणार?’